विषय : खड्डा खणण्याबाबत

दक्षिण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात मराठी माणूस राहायला आला की पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, वसाहतीला नाव आपल्या झाशीच्या राणीचं आहे आणि राणी माहेरची तांबे. दोन, गावाकडे आपली थोडी शेती आहे. पहिली गोष्ट बिहारी, तमिळ, हरियाणवी शेजारी कौतुकानं ऐकून घेतात. दुसरीचं त्यांना काही वाटत नाही, कारण गावाकडे शेती त्यांचीही असते. केंद्र सरकारच्या या क्वार्टरांमधून देशातली बरीच शेती चालते. आयएनए मेट्रोच्या जिन्यात उभा राहून एखादा माणूस मोबाइलवरून हजार-दीड हजार किलोमीटरवरची विहिरीची मोटार चालू करतो, संध्याकाळी दिल्ली हाटच्या बाजूला फेरी मारताना फवारणी ठरवतो आणि जेवताना व्हिडिओ कॉलवर पानाखालचे डाग बघतो. हात धुवायची वेळ फक्त जेवणाआधी येते.

आमच्या खालच्या मजल्यावरचे साहेब या शेतीतले मुरलेले. एका मंत्रालयात अवर सचिव, मूळचे सांगोला तालुक्यातले. गावी धाकटा भाऊ शेती बघतो. साहेब शेतीकडे बघतात. चार एकर डाळिंब होतं. होतं म्हणायचं कारण तेल्या रोग आणि त्याच्या मागून आलेला पिन होल बोरर यांनी सांगोल्याकडच्या अनेक बागांसारखी हीही बाग संपवली. हा बोरर दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा. खोडात टाचणीएवढी भोकं पाडत जातो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. त्याला ट्रॅक्टर लागत नाही, डिझेल लागत नाही आणि अनुदानासाठी तो अर्जही करत नाही.

बाग काढली, रान दोन उन्हाळे तापवलं, भावानं २४ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर घेतला आणि नव्या लागवडीची तयारी सुरू केली. मग एका रविवारी त्याचा फोन आला.

"दादा, खड्डं मारायचं मशीन लागंल आपल्याला. ट्रॅक्टरच्या मागं बसतंय ते. बघ की जरा तिकडं."

गावाकडचा माणूस असं बोलतो तेव्हा त्याचा अर्थ कुणाला तरी विचार, एवढाच असतो. साहेबांनी पंचवीस वर्षं सरकारात काढलेली. त्यांनी फाइल उघडली.

फाइलीवर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला : 'मिनी ट्रॅक्टरला जोडावयाच्या खड्डे खणण्याच्या यंत्राच्या खरेदीबाबत.' सरकारी वित्तीय नियम २०१७ प्रमाणे मधल्या किमतीच्या खरेदीसाठी तीन सदस्यांची स्थानिक खरेदी समिती लागते. पैसा घरचा होता, यंत्र घरचं होतं, पण सवय सरकारी होती. समिती नेमली गेली. पहिले सदस्य शेजारच्या ब्लॉकमधले चौधरीजी, मूळ झज्जरचे, ट्रॅक्टर या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा. दुसरे वरच्या मजल्यावरचे तमिळ लेखाधिकारी, ज्यांनी ट्रॅक्टर फक्त बिलात पाहिला होता. तिसरा मी. माझी पात्रता अशी की भावाचा फोन आला तर मला मराठी कळतं.

पहिली बैठक वहिनींच्या चहापोह्यांवर झाली. साहेबांनी अभ्यास करून ठेवला होता. यंत्राची रचना त्यांनी कागदावर काढून दाखवली आणि ती अचूक होती. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांवर एक लांब दांडा बसतो. दांड्याच्या टोकाला गिअर बॉक्स लोंबतो. गिअर बॉक्सखाली ऑगर, म्हणजे पोलादी दांड्याभोवती गुंडाळलेलं पातं. ट्रॅक्टरच्या पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला पोचवणारा, दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरतो. गिअर बॉक्स ती गती साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणतो आणि त्या बदल्यात पिळाचा जोर वाढवतो. ऑगर फिरत खाली उतरतो, पात्यावरून माती वर चढते, खड्ड्याच्या तोंडाशी गोल ढीग होतो.

"अब सवाल है, कितने इंच," साहेब म्हणाले. ऑगर सहा, नऊ, बारा, अठरा, चोवीस इंचांत मिळतात. साहेबांचं उत्तर तयार होतं. डाळिंबाच्या लागवडीची पुस्तकी शिफारस ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा. ६० सेंटिमीटर म्हणजे २४ इंच. ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा. इंचाला एक घोडा. हिशेब इतका सुबक जुळला की लेखाधिकाऱ्यांनी तिथेच मान्यतेची सही करायला पेन काढलं.

चौधरीजी मात्र अश्वशक्तीपाशीच अडले होते. "चौबीस? इतने का तो म्हारे गाम में जनरेटर सै." त्यांच्या घरी पन्नासाच्या वरचा ट्रॅक्टर. जेमतेम मीटरभर रुंदीचा ट्रॅक्टर असतो, तो बागेच्या ओळीतून फांद्या न मोडता जातो आणि नाशिकच्या द्राक्षवाल्यांपासून सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांपर्यंत सगळे त्यावर खूश आहेत, हे त्यांना पटवायला पोह्यांची दुसरी फेरी लागली.

तरी आक्षेप योग्यच होता. इंजिनावर लिहिलेले सगळे घोडे पीटीओपर्यंत पोचत नाहीत. दोन-चार वाटेतच खर्ची पडतात. आणि ऑगरचा व्यास दुप्पट केला की काढायची माती चौपट होते. बारा इंची ऑगरनं भुसभुशीत रानात हसतखेळत काम करणारा मिनी ट्रॅक्टर चोवीस इंची ऑगर लावून मुरमात उतरवला तर धूर सोडून उभा राहील. उलट बाजूही आहे : बारा इंचांचा गोल खड्डा दोन फूट खोल गेला तरी शिफारस केलेल्या चौकोनी खड्ड्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढाच होतो. अठरा इंची घेतला तरी निम्म्याला पोचत नाही. म्हणजे ट्रॅक्टरला झेपतं ते पुस्तकाला चालत नाही, आणि पुस्तकाला चालतं ते ट्रॅक्टरला झेपत नाही. सरकारात अशा वेळी करतात तेच साहेबांनी केलं : विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मधल्या काळात यंत्रानं साहेबांच्या मनात मूळ धरलं. ३ बाय ४.५ मीटरवर लागवड म्हणजे एकरी सुमारे ३००, चार एकरांत १,२०० खड्डे. ते झाल्यावर यंत्राचं काय करायचं? साहेबांना एकाएकी दिल्ली दिसली. इथल्या १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये एक झाड तोडलं की दहा लावावी लागतात. २०१८ च्या जूनमध्ये शेजारच्या सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगरच्या पुनर्विकासासाठी हजारो झाडं तोडायची निघाली होती. माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली आणि हायकोर्टानं तोड थांबवली. तेव्हा साहेबही मेणबत्ती घेऊन गेले होते. आता त्याच आकड्याला त्यांनी दहानं गुणलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे लाखभर खड्डे भाड्यानं नाचू लागले. लेखाधिकाऱ्यांनी शांतपणे केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम १९६४ मधला नियम १५ काढला. सरकारी नोकराला परवानगीवाचून धंदा करता येत नाही. खड्ड्यांचा धंदा बुजला.

मग अनुदानाचा मुद्दा. शेती यांत्रिकीकरणाचं केंद्राचं उपअभियान २०१४-१५ पासून आहे, आणि महाराष्ट्रात त्याचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी. आधी यंत्र आणलं की अनुदानावर पाणी. हा क्रम वाचून साहेबांना गहिवरून आलं. आपल्यासारखा विचार करणारं कुणीतरी महाराष्ट्रातही बसलं आहे, म्हणाले. अडचण एकच निघाली : सातबारा भावाच्या नावावर, मोबाइल नंबर भावाचा आणि ओटीपी आला तेव्हा भाऊ मोटारीच्या खड्ड्यात उतरलेला.

पुसा संस्थेच्या कृषी विज्ञान मेळ्याला समिती एकत्र गेली. मेट्रोनं गेली, कारण आमच्या वसाहतीत ट्रॅक्टरला काय, समितीच्या एका गाडीलाही हलवल्यावर परत जागा मिळत नाही. मेळ्यात अवजारं ओळीनं मांडलेली, ताज्या रंगाची, मातीचा कण न लागलेली. एका मांडवात खड्डे मशीन दिमाखात उभं होतं. विक्रेता पोरगा चुणचुणीत होता.

"सर, हर ट्रॅक्टर में फिट हो जाता है."

"हर म्हणजे?" साहेब भावनेच्या भरात मराठीत बोलले.

त्या पोराचं निम्मं खरं होतं आणि त्याचं श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयरिश गृहस्थाला जातं. अवजार ट्रॅक्टरमागे ओढत नेण्याऐवजी तीन जोडांवर टांगायचं आणि हायड्रॉलिकनं उचलायचं, ही युक्ती त्याची. पेटंट १९२६ चं. पुढे १९३८ मध्ये त्यानं हेन्री फोर्डशी करार केला, तो निव्वळ हस्तांदोलनावर. नातवाच्या काळात फोर्ड कंपनीनं हात झटकला, कज्जा उभा राहिला आणि १९५२ मध्ये फोर्डला ९२.५ लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. ही हकीकत मी मेळ्यातल्या कढी-चावलच्या रांगेत सांगितली. फर्ग्युसनच्या बुद्धीचं कौतुक कुणीच केलं नाही. लेखाधिकारी एवढंच म्हणाले, "देखिए, फाइल पे लिया होता तो?"

पोराच्या वाक्यातलं उरलेलं निम्मं मात्र तपासावं लागतं. जोडांना प्रवर्ग असतात. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या जोडाची पिन २२ मिलिमीटरची, मोठ्याची २८ ची. शिवाय काही मिनी ट्रॅक्टरांत दोन जोडांमधलं अंतर आणखी अरुंद. मोठ्या ट्रॅक्टरसाठी केलेलं मशीन मिनीला बसवायचं तर बुश ठोका, पट्ट्या वेल्ड करा, असे उद्योग सुरू होतात. वजनाचंही तसंच. शेपटाशी जड मशीन टांगून लिफ्ट उचलली की हलक्या ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडू बघतात. मग पुढे वजनं लावावी लागतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मेळ्यात कुणीच विचारत नाही : लिफ्ट पूर्ण वर केल्यावर ऑगरचं टोक खड्ड्याबाहेर येतं का? मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट कमी उंच जाते. तीन फुटी ऑगर लावला आणि टोक अर्धा फूट आतच राहिलं, तर खड्डा झाला पण ट्रॅक्टर खड्ड्याला बांधला गेला.

स्थळपाहणी झज्जरजवळ चौधरीजींच्या शेतावर झाली. त्यांच्या पुतण्यानं शेजारच्याचं मशीन मागून आणलं होतं, पन्नासच्या ट्रॅक्टरला जोडलेलं. ऑगरचं टोक जमिनीला टेकलं, दोन वेडेवाकडे फेरे घेतले आणि मग सरळ झालं. पात्यावरून भुरी माती गोल फिरत वर आली, आधी कोरडी, मग ओलसर, गडद. खड्ड्याच्या काठावर मातीचं कडं वाढत गेलं. पाहणाऱ्यांनी नकळत एक एक पाऊल पुढे टाकलं आणि पुतण्यानं सगळ्यांना ओरडून मागे ढकललं. मिनिटभरात फूट-दीड फूट खड्डा. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिला पगार झाल्यासारखा आनंद.

दुसऱ्या खड्ड्याला पुतण्याला पाहुण्यांसमोर जोर दाखवायचा होता. नियम असा की थोडं खाली जायचं, वर उचलून माती झटकायची, पुन्हा खाली. त्यानं ऑगर एका दमात तळापर्यंत सोडला. ऑगर स्क्रूसारखा जमिनीत शिरत गेला, वर मातीचं ओझं बसलं, लिफ्ट कण्हली आणि खट्ट आवाज होऊन सगळं थांबलं. शिअर बोल्ट तुटला होता. हा बोल्ट म्हणजे खात्यातला कनिष्ठ लिपिक : प्रकरण अंगाशी आलं की वरचे वाचावेत म्हणून आधी त्याचा बळी जातो. त्याच्या जागी हौसेनं पक्का, कडक पोलादाचा बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअर बॉक्सच फुटतो. आमच्या साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. लिहिताना त्यांना कुणाची तरी आठवण झालेली दिसली.

ऑगर बाहेर काढायला इंजिन बंद करून, भला मोठा पाइप पाना लावून, उलटा फिरवत बसावं लागलं. सल्ले देणारे बारा, पाना फिरवणारा एक. पुढे एका जागी जमीन कडक लागली तेव्हा ऑगर नुसता गरगरत राहिला. ट्रॅक्टरची लिफ्ट वर ओढते, खाली दाबत नाही. ऑगर जातो तो स्वतःच्या वजनावर आणि पात्याच्या पकडीवर. चौधरीजींनी जुना उपाय सुचवला. "आप चढ जाओ डंडे पे," ते लेखाधिकाऱ्यांना म्हणाले. दांड्यावर माणूस चढवणं हा हात-पाय गमावायचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. लेखाधिकाऱ्यांनी हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा असं विचारून आपले पाय वाचवले.

परत येताना साहेबांनी अनुकूल अहवाल मनातल्या मनात लिहून टाकला. मी एवढंच सुचवलं की झज्जरची गाळाची माती आणि सांगोल्याचा मुरूम यांची कधी भेट झालेली नाही. मुरमाला दातेरी टोक लागतं, दात झिजतात, बदलावे लागतात. खाली सलग खडक लागला तर ऑगर परत फिरतो आणि पहार पुढे येते. काळ्या ओल्या रानात निराळंच दुखणं : पातं खड्ड्याच्या कडा इतक्या गुळगुळीत लिंपतं की रोपाची मुळं त्या भिंतीला आपटून आतल्या आत वेटोळी घेतात. कडा खुरप्यानं ओरबाडून घ्याव्या लागतात. साहेब म्हणाले, हे सगळं परिशिष्टात घेऊ.

तुलनात्मक तक्ता तयार झाला. त्यात सात रकाने होते : इंच, वजन, पिन, गिअर बॉक्स, बोल्ट, किंमत, शेरा. अठरा इंचांवर तडजोड झाली. तिघांच्या सह्या झाल्या. साहेबांनी स्पीकर चालू करून गावी फोन लावला आणि निर्णय वाचून दाखवला.

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"दादा, अठरा इंची? खांबाला?"

"कसला खांब?"

"कुंपणाचा! तारंचं कुंपण करायचंय नव्हं. रानडुकरं येत्यात, लोकांची जनावरं येत्यात. चार इंची सिमेंटचा खांब, दोन फूट आत. नऊ इंची बास झालं."

"आणि डाळिंब? बाराशे खड्डे?"

"डाळिंब आता खड्ड्यात कोण लावतंय? बेडवर लावत्यात. बेड मारून झालं की गेल्या आठवड्यात. तुला फोटू पाठवलाय."

फोटो खरोखर आलेला होता. साहेबांनी त्याला अंगठा दाखवून पोच दिली होती.

खोलीत शांतता पसरली. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजींना आधी विचारायचं होतंत, खड्डा कशाला पाहिजे ते." समितीच्या सगळ्या कार्यवृत्तात मिळून एवढं उपयोगाचं वाक्य एकही नव्हतं. मागणी करणाऱ्याला विचारलंच नव्हतं. यंत्राला इंग्रजीत खांबांच्या खड्ड्याचं यंत्र म्हणतात, तरी चार शहाण्यांपैकी एकालाही खांब सुचला नाही.

पुन्हा हिशेब झाला, यावेळी भावाच्या तोंडून. चार एकर रान चौकोनी धरलं तर भोवती साधारण ५१० मीटर. तीन मीटरला एक खांब म्हणजे १७० खड्डे. नऊ इंची खड्ड्यात चोवीस इंचीच्या सातव्या हिश्श्याएवढीच माती निघते, आणि ते काम २४ च्या ट्रॅक्टरला मुरमातही जमतं. एकशे सत्तर खड्ड्यांसाठी मशीन विकत घ्यायचं का? भावानं घेतलं नाही. शेजारच्या गावातल्या अवजार बँकेचं भाड्यानं आणलं, कुंपणाचे खड्डे पाडले, एका कोपऱ्यात खडक लागला तिथे पहारीनं भागवलं आणि मशीन परत केलं. साहेबांची फाइल बंद झाली आहे, असं ते सांगतात. सरकारी अनुभवावरून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

तेव्हा वाचकहो, मिनी ट्रॅक्टरला खड्डे मशीन बघायला निघालात तर प्रश्नांचा क्रम असा ठेवा : खड्डा कशासाठी, रान कसलं, लिफ्ट किती उंच जाते, पिन कितीची. मग इंच, मग घोडे. रंग आणि कंपनी सर्वांत शेवटी. पीटीओचा दांडा आपल्या ट्रॅक्टरवर वर-खाली करून मोजून, गरज पडली तर कापून घ्या. लांब राहिला तर तोच गिअर बॉक्समध्ये घुसतो. वर्षाला शे-दोनशे खड्ड्यांचं काम असेल तर भाड्यानं आणा. दरसाल हजारो पाडायचे असतील किंवा गावाला भाड्यानं द्यायचं असेल तरच विकत घ्या. आणि कुणाचं काही ऐकू नका, पण एवढं ऐका : पीटीओ मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे फिरतो. त्यावरचं झाकण काढून ठेवू नका, उपरणं आणि पदर जवळ नेऊ नका, आणि ऑगरला हात लावायचा तर आधी इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला.